आत्या बीअरचा कारखाना पाहते

आमच्या आत्यानं पसंत केलेलं स्थळ आजवर मोडलं नाही, आणि आत्यानं नापसंत केलेलं स्थळ पुन्हा जुळवून आणायची बाळापूरपासून बडनेऱ्यापर्यंत कोणाची टाप नाही. आमच्या कुटुंबात लग्न ठरतं ते मुलगा-मुलगी एकमेकांना आवडल्यानं नव्हे, मध्यस्थानं खेटे घातल्यानंही नव्हे. एखाद्या रणरणत्या दुपारी, कोणालाही न कळवता, खांद्याला कापडी पिशवी अडकवून आत्या त्या घरी जाते, तासाभरानं बाहेर येते आणि रस्त्यावर आल्यावर एकच शब्द बोलते. तो शब्द 'हाव' असला की मंडपवाल्याला फोन करायचा. 'नाई' असला की फोटो परत पाठवायचा. मध्ये 'बघू', 'विचार करू' असलं काही नसतं. "सांगून गेलं का घर नाई दिसत, नुसते पडदे दिसतात," असं तिचं म्हणणं, आणि म्हणून पडदे, सोफा, शोकेसमधल्या बाहुल्या यांच्याकडे ती ढुंकूनही पाहत नाही. पत्रिका ती मानत नाही, पगार विचारत नाही, शेती किती हेही नाही. आपल्या पिशवीतल्या स्टीलच्या पेल्यात पाणी मागून घेते, ते उभ्यानंच पिते आणि म्हणते, "मोरी कुठी हाय?"

माझ्याच लग्नाची गोष्ट घ्या. मूर्तिजापूरला माझ्या होणाऱ्या सासुरवाडीत ती अशीच भर उन्हात जाऊन थडकली. मीही सोबत होतो, पण मला ओट्यावरच बसवून ठेवलेलं, तिथून मोरी दिसत होती. सासूबाईंनी सरबत करायला घेतलं, तोवर ही मोरीत पोचून घासून ठेवलेलं एकेक पातेलं उपडं करून त्याच्या बुडावरून नख फिरवत होती. "हे कोनं घासले?" तिनं विचारलं. माझी बायको, म्हणजे तेव्हाची होऊ घातलेली, दारात उभी होती. घाबरून खरं बोलून गेली, "मी नाई, भावानं घासले." आत्यानं पातेलं खाली ठेवलं, सरबत न पिताच बाहेर आली आणि मला म्हणाली, "हाव. ज्या घरी पोरगं भांडे घासते, तिथली पोरगी नवऱ्याले बसून खाऊ देत नाई." हे वाक्य पुढे माझ्या संसारात कितपत खरं ठरलं ते मी इथे सांगत बसत नाही. रात्रीची भांडी माझ्याकडे आहेत, एवढं सांगितलं तरी पुरे.

न पाहिलेल्या गोष्टीबद्दल मत द्यायचं नाही, हा तिचा दुसरा नेम, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त त्रासाचा. ती अकोल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. पोराच्या बापानं 'पोट दुखते' म्हणून निरोप पाठवला की शाळा सुटल्यावर ही ते पोट पाहायला त्याच्या घरी हजर. त्यामुळे तिच्या वर्गात खरोखर पोट दुखणारी पोरंही निमूटपणे शाळेत येऊन बसायची. निवृत्तीनंतर हा नेम टीव्हीला लागू झाला. शेजारच्या बाईनं एका मालिकेचं नाव काढून 'फार वाईट आहे हो' म्हटलं, तर आत्या म्हणाली, मी पाहिली नाही, मी कसं सांगू. मग ती मालिका तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, हाताची घडी घालून, मध्ये पाण्यालाही न उठता, दुपारी पुन्हा दाखवतात ते भागसुद्धा. वर्ष की दीड वर्ष चाललं ते. मालिका संपली त्या दिवशी ती शेजारणीच्या दारात गेली आणि म्हणाली, "वाईट हाय." तोवर शेजारीण आपण काय बोललो होतो ते विसरून गेली होती. आता अशा माणसाला काय म्हणायचं तुम्हीच सांगा. मी तरी म्हणायचं सोडून दिलं आहे.

पण एक गोष्ट मात्र अशी होती, की जी न पाहता, न चाखताच तिनं कायमची वाईट ठरवून टाकली होती. ती म्हणजे दारू. त्याला कारण आमचे आतोबा. आतोबा शकुंतला गाडीवर गार्ड होते. ती छोटी गाडी चालायची इतकी सावकाश, की माणूस उतरून बोरं वेचून पुन्हा चढायचा, आणि आतोबांचा स्वभावही त्या गाडीसारखाच, कोणाला घाई नाही, कोणावर राग नाही. संध्याकाळी ड्युटी संपली की स्टेशनामागे दोस्तांच्या बैठकीत बसायचे आणि उशिरा घरी यायचे. शिवीगाळ नाही, मारहाण नाही. गुपचूप हात-पाय धुऊन झाकून ठेवलेलं जेवायचे. मी शाळेसाठी आत्याकडे राहायचो, त्यामुळे हे रोज पाहिलेलं. आत्या दाराशी बसलेली असायची, पोरांच्या वह्या तपासत, आणि ते आले की न बोलता उठून ताट वाढायची. त्यातच त्यांचं यकृत गेलं आणि पन्नाशीच्या आत ते गेले. त्यांच्याबद्दल आमच्या घरात त्यानंतर बोलणं झालं नाही. आत्यानं काढलं नाही, आणि तिनं काढलं नाही म्हणून कोणीच काढलं नाही.

मग तिनं पदर खोचला. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर बायांचं मतदान घ्यावं लागतं, कागदावर एक उभी बाटली आणि एक आडवी. आत्यानं आपल्या गावची बाटली आडवी केली, मग शेजारच्या गावची, आणि मग तालुक्यात जिथं बोलावतील तिथं जाऊन. दारूबंदीचा कायदा तिला कलमांसकट पाठ. प्यालेला माणूस ओळखायची तिची रीतही मास्तरणीची होती. रस्त्यात एखादा डुलताना दिसला की त्याला थांबवून म्हणायची, "एकोणतीसचा पाढा म्हन." आता एकोणतीसचा पाढा शुद्धीवरच्या किती माणसांना येतो हा प्रश्नच आहे, पण तिच्यासमोर तो विचारायची छाती कोणाची. लग्नाच्या वरातीत ती नाचणाऱ्या पोरांच्या रांगेतून सावकाश चालत जायची, एकेकाजवळ थांबून श्वास घ्यायची, आणि नेमका कान पकडून बाहेर काढायची. माझ्या चुलतभावाच्या लग्नात नवरदेवाचे सख्खे मामा असे रस्त्याच्या कडेला पुलावर बसवून ठेवले होते, ते लग्न लागेतो तिथंच. आमच्या पिढीतल्या समस्त पुरुषांनी वेलदोडे, लवंगा, कच्चा कांदा, सगळं करून पाहिलेलं आहे. मी स्वतः तिच्या घरी जायचं असलं की आदल्या शनिवारपासून कोरडा.

तर अशा आत्याला माझ्या मुलीनं, प्रज्ञानं, फोन करून सांगितलं की मला एक मुलगा आवडला आहे आणि तो बीअर बनवतो.

मी तिला परोपरीनं सांगितलं होतं की असं तोंडावर फेकू नकोस. आपण 'पेयांचा उद्योग' म्हणू, 'अन्नप्रक्रिया' म्हणू, काहीतरी हळूहळू सांगू. पण प्रज्ञा आत्याच्याच वळणावर गेलेली. ती म्हणाली, "बाबा, आजीशी खोटं बोलून मी लग्न करणार नाही. आणि ती नाही म्हणाली तर मी तिच्याशी भांडणार नाही. पण मग मी दुसऱ्या कोणाशीही करणार नाही, हे तुम्ही आत्ताच ऐकून ठेवा." माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, ऐकलं का. मी ऐकलं होतं. पोरगी कोणाचं नाव काढून रडत नव्हती, जेवण सोडत नव्हती, तिनं नुसतं सांगितलं, आणि आमच्या घराण्यात नुसतं सांगितलेलं कधी बदलत नाही हे मला पुरतं ठाऊक. एका बाजूला ही आणि दुसऱ्या बाजूला ती. मध्ये मी, ज्याला कोणी काही विचारलंच नव्हतं.

आत्या फोनवर म्हणाली, "माह्या घरची पोरगी दारूच्या दारात जाणार नाई, हे म्या मागंच सांगतलं हाय." प्रज्ञा म्हणाली, "आजी, तू पाहिलंस का ते?" पोरीनं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. शेवटी आत्या म्हणाली, "मी येतो. पायतो. मंग सांगतो." वऱ्हाडात बाया असंच बोलतात, आणि आत्या येतो म्हणाली की ती येतेच.

कधी येणार ते अर्थात सांगितलं नाही. एका शनिवारी दुपारी मी जेवून लवंडलो होतो, तर बेल वाजली आणि दारात आत्या. सुती पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी. अकोल्याहून एसटीनं, उभ्यानं आलेली. गाडी पाठवतो म्हटलं असतं तर नको म्हणाली असती, म्हणून तिनं तो प्रश्नच येऊ दिला नव्हता. "आत्या, उलीसं बस, पानी पे," मी म्हटलं. "पानी तिथी पेतो," ती म्हणाली. "चाल." प्रज्ञा यायला निघाली तर तिला हातानंच थांबवलं. जिच्यासाठी स्थळ पाहायचं ती मुलगी सोबत न्यायची नसते, हाही नियमच.

अनिकेतची, म्हणजे त्या मुलाची, जागा अमरावतीत बडनेरा रस्त्याला आहे. एका बाजूला बसायचं मोठं दालन, टेबलं-खुर्च्या, आणि मधल्या काचेपलीकडे चकाकणाऱ्या मोठमोठ्या टाक्या, ज्यांत बीअर तयार होते. दारावरच्या रखवालदारानं सलाम ठोकला. आत्यानं उंबऱ्याशी बूट काढले. मी कानात म्हटलं, आत्या, इथे काढत नाहीत. ती म्हणाली, "स्थळ पाहाले आलो का हाटेलात आलो?" आणि मोज्यांवर आत गेली. मग मलाही काढावे लागले. रखवालदारानं दोन्ही जोड उचलून आपल्या स्टुलाखाली ठेवले, आणि शपथेवर सांगतो, पुढचा तासभर तो त्या स्टुलावर बसला नाही.

आत मोठमोठ्यानं गाणी नव्हती, अंधार नव्हता. खिडक्यांतून ऊन येत होतं. आत्याला हे अपेक्षित नव्हतं हे मला दिसलं, कारण तिनं अंधारात चाचपडण्यासाठी पिशवीतून काढलेला टॉर्च पुन्हा पिशवीत ठेवला. वेटर मेन्यू घेऊन आला. आत्यानं त्याच्याकडून पेल्यात पाणी घेतलं, उभ्यानं प्यायली, आणि विचारलं, "मोरी कुठी हाय?" त्यानं नम्रपणे लेडीज टॉयलेटकडे बोट दाखवलं. "ते नाई. भांडे धुता तिथी ने."

अनिकेतला कोणीतरी आतून बोलावून आणलं. तो गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला, हातात पाण्याचा पाइप, शर्ट छातीपर्यंत भिजलेला. मूळचा हिवरखेडचा, आणि प्रज्ञानं फोटो दाखवलेला असल्यानं त्यानं आत्याला ओळखलं असणार, कारण चेहरा एकदम उतरला. पण पळाला नाही. पाइप बंद करून हात जोडले आणि म्हणाला, "आजी, या. आत ओलं हाय, पाय सांभाळा." त्यानं तिला टाक्यांपाशी नेलं. मी मागे. आत्यानं टाकीचं झाकण पाहिलं, नळ्या पाहिल्या, आणि मग खाली वाकून एका नळाच्या जोडाच्या खालून, जिथं कोणाची नजर जाणार नाही तिथून, बोट फिरवलं. बोट उजेडात धरून पाहिलं. "हे कोन धुते?" "मीच धुतो, आजी. दिवसभर तेच चालते. बनवनं थोडं, धुनं भल्ला. कुठी उलीसं राह्यलं का सगळी टाकी नासते." "आन् नासली तं?" "फेकतो." "कोनी पाहून नाई राह्यलं तरी?" "माले तं माहीत असते ना, आजी," तो म्हणाला. भिजवून काढलेल्या सातूचा चोथा एका कोपऱ्यात पिंपांत भरून ठेवला होता. तो कुठे जातो, गोठ्यावर कोणाच्या जातो, गाई खातात का, दूध कमी होतं का, हे सगळं तिनं विचारून घेतलं. ओंजळभर उचलून वासही घेतला. मला वाटलं झालं, सुटलो, मोरी पास.

"आता चव," दालनातल्या एका टेबलाशी येऊन बसत आत्या म्हणाली.

पाचवं शील, मद्य न घेण्याचं, तिनं जन्मात मोडलेलं नाही, दर रविवारी विहारात म्हणते ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हे. मग चव घेणार कोण, असा विचार करेपर्यंत तिनं माझ्याकडे पाहिलं होतं. "तू पेशीन. मी इचारतो. तू सांगशीन." मी म्हटलं, "आत्या, मी कुठी पेतो." तिनं त्याचं उत्तरही दिलं नाही, वेटरकडे वळून विचारलं, "याच्या परवान्याचं काय?" बिचाऱ्यानं एका दिवसाच्या परवान्याचा कागद आणला. तिनं तो चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचला, माझी सही घेतली, आणि घडी करून आपल्या पिशवीत ठेवला. अमरावतीत इतक्या कायदेशीरपणे कोणी बीअर प्यायला असेल असं मला वाटत नाही.

अनिकेतनं एका लाकडी पाटावर चार छोटे ग्लास मांडून आणले, चार प्रकारांचे. चव घेऊन पाहायची तर असेच देतात म्हणे. पहिली गव्हाची. मी घोट घेतला आणि म्हटलं, "बरी हाय." "बरी हाय हे उत्तर नाई," आत्या म्हणाली. "बरं तं पाणीही असते. काय लागते ते सांग." मी डोळे मिटले. पन्नाशी उलटलेला, विमा कचेरीतला जबाबदार माणूस, आत्यासमोर बीअर पिऊन तोंडी परीक्षा देतोय. "केळ्यासारखा वास येते," मी म्हटलं. "केळं टाकलं का?" तिनं अनिकेतला विचारलं. "नाई आजी, खमिरानं तसा येते." तिनं ग्लास नाकाशी नेला, लांबूनच हुंगला, आणि परत ठेवला. "हाव, येते." दुसरी कडू, इतकी की मी म्हटलं कारल्याचा रस. "कारल्यासाठी इतक्या दूर येतात लोक," आत्या स्वतःशीच म्हणाली. तिसऱ्या ग्लासात संत्रा होता, आपला इकडचाच, सालीसकट. ती मला खरोखर आवडली आणि मी जरा भरकटलो. संत्र्याचा बहार, सकाळचं धुकं, बागेतला वारा, असं काहीबाही बोललो असेन. आत्या माझ्याकडे टक लावून पाहत होती. "थांब," ती म्हणाली. "एकोणतीसचा पाढा म्हन."

"एकोणतीस एके एकोणतीस," मी सुरू केलं. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी." आणि थांबलो. "चढली," आत्यानं निकाल दिला. "आत्या, चढली नाई. मले तो कवाच येत नव्हता. तुझ्याच वर्गात मार खाल्ला होता त्याच्यापायी." पण ऐकते कोण. तिनं मोर्चा अनिकेतकडे वळवला. "तू म्हन." तो पोरगा शुद्धीत, थेंबही न घेतलेला, पण घाबरून दुणेलाच अडला. आत्याच्या कपाळावर आठी आली. माझ्या डोळ्यांसमोर प्रज्ञाचा चेहरा आला. टाक्या घासून घासून पोरानं जे कमावलं होतं, ते एका पाढ्यापायी बुडणार अशी पाळी आली होती. आणि मला एवढंच कळत होतं की मी काहीतरी बोलायला पाहिजे, पण जीभ खरंच थोडी जड झालेली.

इतक्यात शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "एकोणतीस चोक सोळोत्तरशे." वळून पाहिलं तर सत्तरीचे एक गृहस्थ. समोर बीअरचा एक ग्लास, अर्धा, आणि शेजारी त्यांची बायको, लिंबू-सोडा आणि मसाल्याचे शेंगदाणे घेऊन. गृहस्थांनी ग्लास हातात धरूनच पाढा पुढे नेला, संथ, एका सुरात, आमच्या शाळेत म्हणायचे तसा. एकोणतीस सातेला मात्र अडखळले. बायकोनं शेंगदाणे चावता चावता म्हटलं, "दोनशे तीन." ते हसले, "हाव, दोनशे तीन," आणि पाढा दहापर्यंत नेऊन पोचवला. बाजूच्या टेबलावरच्या कॉलेजच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आत्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती उठली आणि मोज्यांवरच चालत त्या टेबलाशी गेली. मला वाटलं आता या बिचाऱ्या म्हाताऱ्याची धडगत नाही. पण ती त्याच्याकडे पाहतच नव्हती. तिनं त्याच्या बायकोला विचारलं, "बाई, तुमी बी पेता का?"

"नाई माय," बाई म्हणाली. "मले वासही सोसत नाई."

"मंग तुमी इथी कशाले बसता?"

बाईनं शेंगदाण्याची वाटी आत्यापुढे सरकवली. "हे पेतात एक गिलास, शनिवारी. मंग मी घरी एकटी काय करू? इथी गोष्टी होतात. घरी हे पेपर वाचतात नुसते." नवऱ्यानं तक्रार केली की पेपर तूच लपवून ठेवते, आणि ती दोघं त्यावरून आपसांत बोलू लागली, आत्या तिथं उभी आहे हे विसरूनच गेली.

आत्या परत येऊन बसली. चौथा ग्लास तसाच होता, काळ्या बीअरचा. मी सांगितलं, करपलेल्या भाकरीसारखा वास येतो. तिनं तो जवळ ओढला आणि या खेपेला नीट, बराच वेळ वास घेतला. प्यायली नाही. मग त्या टेबलाकडे पाहत म्हणाली, "तुह्या आतोबानं मले कवा संगं नेलं नाई."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून मी त्यांचा उल्लेख प्रथमच ऐकत होतो. मग जे मनात आलं तेच विचारलं. "नेलं असतं, तं तू गेली असती का, आत्या?"

"भांडली असती," ती म्हणाली. "तिथी जाऊन चार लोकांत त्याईचा ग्लास फोडला असता." डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिनं पुसलं नाही. "पन गेली असती. दारात बसून वह्या तपासल्या म्या. काय हाय तिथी असं, जे घरी नाई, हाच इचार करत बसली. त्याईले एकडाव इचारलं असतं, मले दाखवा म्हनून, तं बरं झालं असतं. सगळं जग पाह्यलं म्या जाऊन जाऊन. तेवढं नाई पाह्यलं."

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं ठेवू दिला. अनिकेत दोन पावलं दूर उभा होता, ऐकत होता, पण ऐकत नसल्यासारखा टेबल पुसत होता. आत्यानं त्याला जवळ बोलावलं. "बस," म्हणाली. तो भिजलेल्या शर्टानं खुर्चीच्या कडेवर बसला.

"पोरगी देतो," आत्या म्हणाली. "पाढा नाई येत, ते शिकून घेशीन. एक गोष्ट मात्र ऐक. दिवसाचं काम झालं का कोनासंगं बसाचं अशीन तं तिच्यासंगं बस. तिले नाई आवडलं तं भांडू दे, पन इथी आनून भांडू दे. दाराकडं पाहत ठेवू नको. कळलं?" तो म्हणाला, "हाव, आजी." एवढंच. त्यानं शपथ घेतली नाही, पाय धरले नाहीत, आणि मला वाटतं आत्याला तेच बरं वाटलं असावं. तिनं ती काळी बीअर परत न्यायला सांगितली, कारण मला गाडी चालवायची नसली तरी घरी जायचं होतं.

आम्ही रिक्षानं बसस्थानकावर आलो. प्रज्ञाला रिक्षातूनच फोन केला तेव्हा ती आधी हसली आणि मग रडली. आत्याला घरी चल म्हटलं, जेवून जा, पोरीला भेटून जा. ती म्हणाली, आज नाही. अकोल्याची बस लागलेली होती. मी पिशवी घेऊन चढायला लागलो तर तिनं हात धरून मला बाकावर बसवलं. "जाऊ दे हे," म्हणाली. "उलीसं बसू." बस गेली. मग ती बोलायला लागली, आतोबांबद्दल. ते शीळ कशी वाजवायचे, शेतातून धावत येणाऱ्या बाईसाठी गाडी कशी थांबवून ठेवायचे, पहिल्या पगारातून तिच्यासाठी त्यांनी घड्याळ आणलं आणि ते पुरुषाचं निघालं तरी तिनं ते कसं वापरलं. दुसरी बस लागली, कंडक्टरनं अकोला-अकोला म्हणून ओरडून पाहिलं, आमच्याकडे बघितलं, आणि तीही निघून गेली. बाकावर ऊन आलं होतं. आत्या थोडी माझ्याकडे सरकून बसली आणि पुढचं सांगू लागली.